खडकाळ किनाऱ्यासाठी गळाची काठी : फेकीपेक्षा उचल महत्त्वाची

कोकणच्या किनाऱ्यावर पुळण आणि कातळ आलटूनपालटून येतात. पुळणीवर रापण ओढली जाते, खाडीच्या मुखाशी पाग टाकला जातो. कातळावर मात्र जाळे चालत नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे गरी घेऊन बसत आली आहेत. कातळाच्या खबदाडीत कालवे, शिणाणे, खेकडे आणि लहान कोळंबी यांची वस्ती असते. त्यांच्यामागे तांबोशी, गोबरा, जिताडा, शिंगाळा आणि वाम असे मासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. मासा जेथे हमखास आहे, तेथेच दोर हमखास अडकतो, ही या मासेमारीची मुख्य अडचण होय.

अलीकडे या परंपरेला दोन नवे आधार मिळाले आहेत. पहिला म्हणजे बाजारात सहज मिळू लागलेल्या काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या काठ्या, ज्यांना सर्वत्र ‘रॉड’ म्हणतात. दुसरा म्हणजे कृषी व किनारी पर्यटन. नारळी-पोफळीच्या बागेत घरगुती निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबाकडे येणारा पाहुणा ‘गरवायला जाता येईल का?’ असे विचारू लागला आहे. अशा कुटुंबांना किंवा किनाऱ्यावरील युवक गटांना साहित्य कोणते घ्यावे, हे सांगण्याची वेळ विस्तार कार्यकर्त्यावर येते. दुकानातील लांब, हलकी आणि चकचकीत काठी बहुधा वालुकामय किनाऱ्यासाठी घडवलेली असते. ती कातळावर आली की पहिल्याच दिवशी शिसे जाते, दुसऱ्या दिवशी मासा कपारीत शिरतो आणि काही दिवसांत शेंडा मोडतो. पैसा वाया जातो. शिवाय अडकलेला दोर सोडवण्यासाठी माणूस ओल्या कातळाच्या कडेपर्यंत जातो आणि खरा धोका तेथे उभा राहतो. म्हणून काठीची निवड हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

तळ ओळखावा

काठी निवडण्यापूर्वी ज्या जागी ती वापरायची आहे, ती जागा मोठ्या ओहोटीला चालत जाऊन पाहावी. उघडा पडलेला तळ जे शिकवतो, ते कोणतेही माहितीपत्रक शिकवत नाही. साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार पायरीसारख्या सलग कातळाचा. कोकणातील काळ्या बेसाल्टमध्ये अशा पायऱ्या जागोजाग दिसतात. येथे तळ तुलनेने सपाट असतो, परंतु उभे राहण्याच्या जागेपुढे पाण्याखाली एक कड असते. बाहेरून सुखरूप आलेले शिसे आणि मासा शेवटच्या काही मीटरमध्ये या कडेखाली अडकतात. दुसरा प्रकार गोट्यांचा आणि सुट्या शिळांचा. येथे शिसे दोन दगडांमधील फटीत पाचरीप्रमाणे बसते. तिसरा प्रकार जांभ्याच्या खरबरीत आणि कालवांनी मढलेल्या खडपांचा. येथे वस्तू अडकतेच, शिवाय कालवाची धार दोर कापते.

हीच विभागणी देशाच्या इतर किनाऱ्यांनाही लागू पडते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील चुनखडकाची खडपे, कारवारजवळील खडकाळ टेकड्यांचे पायथे, कन्याकुमारी आणि विशाखापट्टणम येथील शिळा यांचा दगड वेगळा असला, तरी दोर अडकण्याची पद्धत याच तीनपैकी एक असते.

काठीला करावे लागणारे काम

वाळूच्या किनाऱ्यावर मासा लाटांच्या पलीकडे असू शकतो, म्हणून तेथील काठीचा कस दूर फेकण्यावर ठरतो. कातळावर मासा बहुधा वीस ते पन्नास मीटरच्या आतच असतो. त्यामुळे फेकीचे अंतर दुय्यम ठरते. गळाला लागलेला मासा आणि त्याच्यासोबतचे शिसे तळापासून झटकन वर उचलणे, हे येथे काठीचे पहिले काम आहे. गोबऱ्यासारखा मासा आमिष घेताच कपारीकडे वळतो आणि आत शिरल्यावर कल्ले व पर फुगवून स्वतःला अडकवून घेतो. पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये त्याचे तोंड वर वळवता आले तरच तो हाती लागतो.

याचा अर्थ जितकी ताठ काठी तितकी चांगली, असा मात्र नाही. काठी ही एक तरफ आहे आणि ती माशाच्या बाजूने काम करते. ३.६ मीटर लांबीची काठी बुंध्याशी कमरेला टेकवून, बुंध्यापासून ०.८ मीटरवर हाताने धरली आहे असे समजावे. शेंड्यावर काटकोनात दोन किलोचा ताण आला, तर त्या हाताला सुमारे नऊ किलोचा भार पेलावा लागतो. काठी वाकली की तिची परिणामकारक लांबी कमी होते. ती २.४ मीटर झाली, तर हातावरील भार सहा किलोवर येतो. मुळीच न वाकणारी काठी माणसाला थकवते आणि शेंड्यापासूनच वाकून लोळणारी काठी मासा उचलू शकत नाही. म्हणून खडकाळ जागेची काठी बुंध्याशी आणि मध्यभागी भक्कम असावी, शेंडा मात्र आमिषाला लागलेले तोंड कळेल इतका नरम असावा. भार वाढेल तसा बाक शेंड्याकडून मध्याकडे सरकावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. दगडात अडकलेले शिसे काठीने हिसकून सुटत नाही. तसा प्रयत्न करणारा माणूस काठीच मोडतो.

लांबी किती असावी

उंच धरलेला शेंडा दोराला तळापासून वर ठेवतो, तर पुढे रोखलेला शेंडा दोराला पायाखालच्या कडेच्या पलीकडे नेतो. तलावात वापरली जाणारी दोन मीटरची काठी या दोन्ही कामांना अपुरी पडते. उलट, वाळूच्या किनाऱ्यावरील ४.२ मीटर किंवा त्याहून लांब काठी वाऱ्यात आवरत नाही आणि अरुंद कातळावर मागे फिरवायला जागा मिळत नाही. मध्यम उंचीच्या व्यक्तीस ३.३ ते ३.६ मीटर, म्हणजे ११ ते १२ फूट, ही लांबी बहुतेक जागी पुरते. शरीरयष्टी लहान असलेल्या व्यक्तींनी ३ ते ३.३ मीटरची काठी घ्यावी. जी काठी तासाभरानंतरही नीट धरता येते, तीच उपयोगाची. बुंध्यापासून रिळापर्यंतचे अंतर दोन हातांनी सहज फेकता येईल इतके असावे. प्रत्यक्ष धरून पाहिल्याशिवाय ते ठरवू नये.

काठीवरील आकडे वाचताना

समुद्रकिनाऱ्यावरून गळ फेकण्याच्या काठ्यांवर फूट आणि औंस ही मापे अजूनही छापलेली असतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ‘४–६ औंस’ असे लिहिलेली काठी ११० ते १७० ग्रॅम वजन फेकण्यासाठी आहे, असा त्याचा अर्थ होतो. हे वजन केवळ शिशाचे नसते. १२० ग्रॅमचे शिसे आणि चाळीस ग्रॅमचा माकुलाचा तुकडा मिळून १६० ग्रॅम होतात आणि काठी आपल्या मर्यादेच्या टोकाला पोहोचते. आमिषासह होणारे वजन छापलेल्या मर्यादेच्या मध्याजवळ ठेवणे हिताचे.

सलग कातळ आणि मध्यम आकाराचे मासे यांसाठी ११० ते १७० ग्रॅमची काठी पुरेशी आहे. मोठ्या शिळा, जोरदार प्रवाह आणि मोठ्या माशांची शक्यता असेल, तर १७० ते २२५ ग्रॅमची, म्हणजे ‘६–८ औंस’ची काठी लागते. नवशिक्याने किंवा पाहुण्यांसाठी साहित्य घेणाऱ्याने ८५ ते १४० ग्रॅमच्या काठीपासून सुरुवात करावी. छापलेला आकडा फेकण्याच्या वजनाचा आहे, उचलता येणाऱ्या माशाच्या वजनाचा नव्हे, हे ग्राहकास स्पष्टपणे सांगावे.

काचतंतू, कार्बन की मिश्र

निव्वळ काचतंतूची काठी जड असते, सावकाश वाकते आणि दगडावरील आपटणे बऱ्याच अंशी सोसते. उच्च प्रतीच्या कार्बनची पातळ भिंतीची काठी हलकी आणि चपळ असते, परंतु कातळावर आपटून पडलेला बारीक टवका तिला पुरतो. तो टवका त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या मोठ्या माशाच्या वेळी काठी नेमकी तेथेच तुटते. कातळावर काठी आपटणारच. म्हणून दोन्ही तंतूंच्या मिश्रणाची किंवा जाड भिंतीच्या मध्यम कार्बनची काठी येथे अधिक टिकते. ‘कार्बनचे प्रमाण जास्त’ ही जाहिरात खडकाळ जागेसाठी गुण मानण्याचे कारण नाही.

कार्बन हा विजेचा वाहक आहे. मे महिन्यातील वळवाच्या किंवा ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाच्या ढगांचा गडगडाट ऐकू येताच काठी आडवी ठेवून कातळ सोडावा. किनाऱ्याकडे जाताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली जोडलेली काठी उभी धरू नये.

सांधे, कड्या आणि रिळाची बैठक

दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी प्रवासाला सोयीची वाटते. परंतु तिच्या सांध्यांत मीठ व वाळू बसते, भिंती पातळ असतात आणि ओढीच्या वेळी एखादा भाग आत सरकतो. खडकाळ जागेसाठी दोन तुकड्यांची काठी सर्वांत भरवशाची. ३.६ मीटरच्या काठीचे दोन तुकडे प्रत्येकी सुमारे १.८ मीटरचे होतात. एवढी लांबी नेता येत नसेल, तर तीन तुकड्यांची काठी चालते. जोडलेला सांधा हलता कामा नये आणि सोडवताना फार जोरही लागता कामा नये.

दोर ज्या कड्यांतून जातो, त्यांच्या आतील अस्तर चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचे असते. त्यात बारीक चीर असल्यास दोर प्रत्येक फेकीला थोडाथोडा कापला जातो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकले तर ती कडी सदोष समजावी. कड्यांची चौकट गंजरोधक पोलादाची असावी. रिळाची बैठक आट्यांची आणि घट्ट बसणारी असावी. ती सैल असेल, तर भाराखाली रीळ फिरते आणि बोटे दुखावतात.

दुकानातच घ्यावयाची परीक्षा

काठी हवेत हलवून तिची पारख होत नाही. ती जोडावी, रीळ बसवावे, दोर सर्व कड्यांतून ओवून त्याच्या टोकाला एक लिटर पाण्याने भरलेली बाटली बांधावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काठी जमिनीशी पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त उभी न करता बाटली सावकाश उचलावी. खडकाळ जागेस योग्य काठी हे वजन सहज उचलते आणि तिच्या मध्यभागात अजून ताकद शिल्लक असल्याचे हाताला जाणवते. शेंडा पूर्ण लोळून बाटली जमिनीवरच राहिली, तर ती काठी वाळूसाठी ठेवावी. बाटली उचलताना काठी खांद्यामागे नेऊ नये. तसे केल्यास सर्व भार शेंड्यावर येऊन चांगली काठीही मोडते.

ही परीक्षा घेऊ न देणाऱ्या दुकानातून गटासाठी एकदम खरेदी करू नये. आधी एक काठी घ्यावी, ती महिनाभर वापरावी आणि नंतर पुढील काठ्या घ्याव्यात.

काठीचे सोबती

चांगली काठीही चुकीच्या दोरासह निरुपयोगी ठरते. विणलेला दोर बारीक आणि मजबूत असला, तरी ताणलेल्या अवस्थेत कालवाच्या धारेला लागताच तुटतो. कातळावर एकेरी नायलॉनचा दोर, म्हणजे नेहमीचा तंगूस, अधिक झीज सोसतो. ०.४० ते ०.५० मिलिमीटर जाडीचा तंगूस बहुतेक कामांना पुरतो. फेकीचा झटका सोसण्यासाठी पुढे जाड दोराचा तुकडा जोडतात. प्रत्येक औंस वजनामागे दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, ताकद हा त्याचा रूढ नियम आहे. १४० ग्रॅम वजनासाठी हा तुकडा २३ किलो किंवा अधिक ताकदीचा असावा. फेकीत तुटलेले शिसे कोणाच्याही डोक्यात बसू शकते, म्हणून येथे काटकसर करू नये.

रीळ दोर वेगाने गुंडाळणारे असावे. ओढ सुरू झाली की शिसे पाण्यात वर उचलले जाते आणि फटींवरून निघून येते. थांबून थांबून गुंडाळल्यास ते प्रत्येक दगडाला भेट देते. गळ एकच लावावा. दोन-तीन गळ म्हणजे अडकण्याच्या दोन-तीन संधी.

सर्वांत उपयुक्त युक्ती शिशाच्या बांधणीत आहे. शिसे मुख्य दोराला थेट न बांधता तीन-चार किलो ताकदीच्या बारीक दोराच्या वीतभर तुकड्याने बांधतात. शिसे अडकले की तो तुकडा तुटतो आणि मासा, गळ व उरलेला दोर परत येतो. फेकताना मात्र हा कच्चा तुकडा भार सोसू शकत नाही. म्हणून फेकीच्या वेळी शिसे जाड दोरावरील लहान आकड्यात अडकवलेले असावे आणि पाण्यावर आपटताच तो आकडा सुटावा. ही रचना जमेपर्यंत कच्चा दोर वापरू नये.

गमावले जाणारे वजन शिशाचेच असावे असे नाही. शिसे विषारी आहे. ब्रिटनने मासेमारीच्या लहान शिशांच्या विक्रीवर १९८७ मध्येच बंदी घातली. हलक्या आणि जवळच्या फेकीसाठी सुती कापडाच्या पुरचुंडीत भरलेली वाळू चालते. ती तळाशी राहिली तरी अपाय करत नाही. दोर मात्र कधीही तोडून टाकून देऊ नये. समुद्रात राहिलेला नायलॉन अनेक दशके मासे, कासवे आणि पक्षी यांना अडकवत राहतो.

तरीही मुख्य दोर अडकलाच, तर काठी दोराच्या सरळ रेषेत खाली करावी. दोर लाकडाच्या दांडक्यावर गुंडाळून, तोंड बाजूला वळवून, एकाच जागी उभे राहून ओढावा. सुटलेले शिसे गोळीसारखे परत येते. हातावर दोर गुंडाळू नये आणि कातळावर मागे चालत ओढू नये.

उभे राहण्याची जागा

मासा लागल्यावर तो पाण्याबाहेर कोठून काढायचा, हे पहिल्या फेकीपूर्वीच ठरवावे. कातळ पाण्यापासून तीन मीटर उंच असेल, तर तीन किलोचा मासा काठीने उचलता येत नाही. दोरीला बांधून खाली सोडायचे गोल जाळे लागते. ते नसेल, तर त्या जागी बसू नये. मासा घेण्यासाठी ओल्या पायरीवर उतरण्याचा मोह हेच अनेक अपघातांचे कारण होय.

जागेवर पोहोचल्यावर किमान अर्धा तास केवळ समुद्र पाहावा. सर्वांत मोठी लाट कोठवर येते, ते पाहून त्याहून उंच, कोरड्या जागी उभे राहावे. अरुंद फटीत शिरलेली लाट किती उसळते, हे गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. वारा नसतानाही मोठ्या लाटा येऊ शकतात. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांची लाट हजारो किलोमीटर प्रवास करून येते. केरळमध्ये तिला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी ते पाहणे हा नियम करावा.

भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढते. या काळात एकूण चढाच्या जवळजवळ निम्मा चढ होतो. मुंबईकडे उधाणाची भरती चार मीटरपेक्षा जास्त असते. तेथे दोन तासांत दोन मीटर पाणी वाढून परतीची वाट बंद होऊ शकते. ओहोटीच्या उत्तरार्धात जावे आणि भरती लागताच निघावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका बंद असतात. होडी बंद म्हणून कातळाकडे पाय वळतात, पण तेव्हाच समुद्र सर्वांत खवळलेला असतो. पर्यटकांना या दिवसांत कातळावर नेऊच नये. एरवीही एकट्याने जाऊ नये, तरंगण्याचे जाकीट घालावे आणि शेवाळावर न घसरणारी पादत्राणे वापरावीत.

काय ठेवावे, काय सोडावे

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा ओल्या हाताने गळातून सोडवून पाण्यात परत सोडावा. राक्षसी गोबरा हा महाकाय मासा आणि तळ घडवणारी प्रवाळे यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणसारख्या सागरी अभयारण्यांत तेथील नियम वन विभागाकडून आधी समजून घ्यावेत. पाहुण्यांना मासेमारीसाठी नेणाऱ्या कुटुंबाने ही माहिती स्वतःहून सांगितली, तर त्यांच्या व्यवसायाचीच पत वाढते.

खरेदीपूर्वीची टिपणे

- तळ मोठ्या ओहोटीला प्रत्यक्ष पाहिला आहे का?
- लांबी ३.३ ते ३.६ मीटर आणि वजनमर्यादा आमिषासह जुळते का?
- काठी मिश्र तंतूंची, दोन तुकड्यांची आणि मध्यभागी भक्कम आहे का?
- एक लिटरच्या बाटलीची आणि कापसाच्या बोळ्याची परीक्षा झाली का?
- तंगूस, जाड पुढचा दोर आणि खाली सोडायचे जाळे यांसाठी पैसे राखून ठेवले आहेत का?

वापरानंतर काठी, कड्या आणि रीळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि काठीवर नवा टवका पडला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. टवका आढळल्यास ती काठी कातळावर पुन्हा नेऊ नये.